दोन टाक्या, एक गोटी

सणाच्या दिवशी बायकोवर ओरडू नये. दसऱ्याला तर नाहीच. पण मी ओरडलो.

"चिठ्ठ्या कुठे गेल्या?"

"कसल्या चिठ्ठ्या?" वृषालीच्या हातात हळदीकुंकवाचं ताट होतं. "पूजेला कळकट सामान कसं मांडू? सगळं धुऊन पुसून घेतलं."

धुतलं ते छानच धुतलं. पिंप्राळ्यातल्या माझ्या पेंटिंगच्या दुकानात स्प्रे गन आणि पान्यांच्या शेजारी जुन्या राजदूतच्या दोन पेट्रोल टाक्या झेंडू लावून बसल्या होत्या. दोन्हींचा रंग मीच आदल्या दिवशी पत्र्यापर्यंत काढला होता, आणि चिठ्ठी चिकटवून कुणाची कोणती ते लिहून ठेवलं होतं. एक धुळ्याच्या डॉक्टरांची, त्यांनी हौसेने भंगारातून घेतलेली. दुसरी पारोळ्याच्या अभिमन नानांची. त्यांची मुलगी मेघा त्या टाकीवर बसून शाळेत जायची. नवव्या वर्षी ती तापाने गेली. "आधार, मरून रंग होता तसाच दे, दुसरं काही बदलू नको," एवढंच नाना मला सांगून गेले होते.

आता यातली नानांची कोणती? उलट्या करून पाहिल्या, वास घेतला, टेप लावून मोजल्या. डावीला पोचा होता. उजवीलाही होता. वीस वर्षं धंदा करतोय, पण डोकं चालेना. बघता बघता वाटायचं डावी, चहा पिऊन आलो की वाटायचं उजवी. वृषाली म्हणाली, "डोळे मिटून एक उचला." मी पुन्हा ओरडलो. खरं तर चूक माझी होती. खिळ्याने एक खूण करून ठेवायला माझे काय हात मोडले होते?

शेवटी नानांना फोन करून खरं ते सांगितलं. दुपारच्या एसटीने ते आले. दोन्ही टाक्यांवरून त्यांनी हात फिरवला, पुन्हा फिरवला. चाळीस वर्षं मांडीखाली असलेली टाकी, पण रंगाशिवाय त्यांनाही ओळखू येईना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग एकदम ते अहिराणीत म्हणाले, "हालाई दख. मनी टाकीमा गोटी शे. मेघानी टाकेल शे."

मेघा पोरांशी गोट्या खेळायची. एकदा भांडण झालं तेव्हा जिंकलेली गोटी कुणाला मिळू नये म्हणून तिने नानांच्या टाकीत टाकली. गाडी खड्ड्यातून गेली की ती खळकन वाजायची. नानांनी ती कधी काढली नाही.

मी डावी हलवली. आवाज नाही. उजवी हलवली. आवाज नाही. तेव्हा आठवलं.

"नाना, आतला गंज निघावा म्हणून मी टाकीत खडी घालून हलवतो. दोन्ही टाक्यांना एकच खडी वापरली."

खडीचा डबा फरशीवर पालथा केला. आम्ही तिघं उकिडवे बसून खडा न् खडा चाळू लागलो. गोटी वृषालीला सापडली. हिरव्या काचेची, गंजाने माखलेली.

"पण ही निघाली कोणत्या टाकीतून?" तिने विचारलं.

मला काय ठाऊक!

नानांनी गोटी धोतराला पुसली. जवळ होती ती टाकी मांडीवर ओढली, गोटी आत सोडली, कान लावला आणि हलवली. खळकन वाजलं. त्यांनी पुन्हा हलवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"हाई मनी," ते म्हणाले.