प्रणिता खांबेटे इथे राहत नाही

मक्याच्या शेताकडेला लाकडी खांबावर उभी असलेली पत्र्याची टपालपेटी.

ताटात पसरलेले तांदूळ आणि त्यांत अंगठीने काढलेली तीन अक्षरे.

फ्रिजवरचे लोहचुंबक, दुरियान फळाच्या आकाराचे.

दोन घड्या.

"सेंगकांगला काय काम होतं तुझं?"

मित्रांनो, या गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असे तुम्ही विचाराल. संबंध मी आहे. मी एक जुने पाकीट आहे. पैशांचे नव्हे, पत्राचे. जुने म्हणजे आठ महिन्यांचे. पण आमच्यात एवढ्या वयाला म्हातारपणच म्हणतात. आमच्यापैकी बहुतेकांचे आयुष्य पत्र फोडले की संपते.

कारखान्यात मला कापले, दुमडले, काठाला डिंक लावला आणि आणखी नऊ भावंडांबरोबर बांधून सिंगापुरातल्या सेरंगूनच्या मॉलमधल्या एका दुकानात ठेवले. तिथे आम्ही फार दिवस पडून होतो. लोक येत, मोबाइलची कव्हरे घेत आणि निघून जात. शेवटी एका शनिवारी निशिकांत देवस्थळीने आम्हाला उचलले. त्याची नऊ वर्षांची, सिंगापुरी वळणाचे इंग्रजी बोलणारी मुलगी श्रिया बरोबर होती.

"बाबा, हू स्टिल यूज एन्व्हलप, ला?"

"ज्यांना कागद हवा असतो ते," निशिकांत म्हणाला.

निशिकांतला कागद नेहमीच हवा असतो. तो बँकेत कम्प्लायन्सचे काम करतो. लोक जे सांगतात त्याला पुरावा आहे का, ते पाहतो. तेव्हा तो, त्याची बायको शुभदा आणि श्रिया असे तिघे सिंगापूरच्या नागरिकत्वासाठी अर्ज करणार होते. अर्जात एक प्रश्न होता:

कोणत्याही देशात तुमच्यावर कधी गुन्हा नोंदवला गेला आहे का?   हो ☐   नाही ☐

निशिकांतने दोघांच्याही नावापुढे 'नाही' लिहायचे ठरवले. पण पुराव्याशिवाय कसे लिहायचे? शुभदा लग्नाआधी दोन वर्षे अमेरिकेत शिकत होती, शेतांनी भरलेल्या एका काउंटीत. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग. तिथल्या कोर्टातल्या गुन्ह्यांच्या नोंदी कुणालाही मागता येत, पण जुन्या नोंदी इंटरनेटवर नव्हत्या. पत्र लिहायचे, त्यात पूर्ण नाव आणि जन्मतारीख द्यायची, आणि उत्तरासाठी आपला पत्ता घातलेले, तिकीट लावलेले पाकीट आत ठेवायचे. मग तिथली कारकून बाई वही उघडून बघणार. निशिकांतने ऑफिसातल्या एकाकडून अमेरिकन तिकिटे मिळवली आणि माझ्या एका भावंडाला त्या कामावर धाडले.

पाच आठवड्यांनी ते परत आले. पोटात एक ओळ होती: शुभदा निशिकांत देवस्थळी, या नावाने कोणतीही नोंद आढळली नाही.

"बघ. स्वच्छ," निशिकांत म्हणाला आणि त्याने ते पत्र दुरियानखाली फ्रिजवर लावले.

शुभदा कणीक मळत होती. तिने वर पाहिले नाही. मी टेबलाच्या उघड्या खणात होते, मला तिचे हात दिसत होते. कणीक केव्हाच मळून झाली होती. ती मळतच राहिली.

(इथे मी थोडे मागे जाते. मला सरळ सांगता येत नाही. मी घडी पडलेले पाकीट आहे.)

सोळा वर्षांपूर्वी त्या काउंटीत, दिवस मावळताना, मैत्रिणीची गाडी चालवत एक मुलगी वळणावर घसरली आणि रस्त्याकडेच्या कुणा शेतकऱ्याच्या टपालपेटीवर आदळली. पेटी खांबासकट आडवी झाली. मुलगी खाली उतरली. घराकडे बघितले. दिवा लागलेला होता. ती परत गाडीत बसली आणि निघून गेली. शेतकऱ्याने नंबर टिपला होता. दुसऱ्या दिवशी पोलीस आला, कोर्टाची तारीख लिहिलेला कागद देऊन गेला. नुकसान करून पळून गेल्याचा गुन्हा. त्या तारखेच्या आधीच मुलीचे शिक्षण संपले आणि ती पुण्याला परतली. कोर्टात गेली नाही. घरी कुणाला सांगितले नाही.

त्या मुलीचे नाव प्रणिता विश्वास खांबेटे होते.

दोन वर्षांनी तिचे लग्न झाले. निशिकांतच्या आईने ताटात तांदूळ पसरले, निशिकांतने त्यात 'शुभदा' लिहिले. पासपोर्ट बदलला, बँकेचे खाते बदलले. नवे नाव वाचून सगळे हसले, पेढे वाटले, आणि तिला एका क्षणापुरते फार हलके वाटले होते. ती टपालपेटी आता जणू दुसऱ्याच कुणीतरी पाडली होती.

मित्रांनो, निशिकांतने फसवले नव्हते बरे का. बायकोला आधी दुसरे नाव होते हे त्याला ठाऊक होते. पण अमेरिकेच्या वहीत तेच नाव असणार, एवढे त्याच्या डोक्यातच आले नाही. रोजच्या रोज कागद तपासणाऱ्या माणसाच्या.

एका मंगळवारी घरात कुणी नसताना शुभदाने मला खणातून काढले. माझ्यावर पत्ता घातला आणि वर 'प्रणिता खांबेटे' लिहिले. पेन थांबले. तिने ते नाव पुन्हा गिरवले. कोपऱ्यात फुलाचे तिकीट चिकटवले, मला दोन घड्या घालून दुसऱ्या पाकिटात ढकलले आणि घराजवळच्या, पुंगोलच्या पेटीत न टाकता एलआरटी, एमआरटी अशा गाड्या बदलत शेजारच्या सेंगकांगला जाऊन टाकले. संध्याकाळी निशिकांतने सहज विचारले, "सेंगकांगला काय काम होतं तुझं? प्रवासाच्या कार्डवर दिसतंय."

"अनुयाकडे गेले होते."

तिची मैत्रीण अनुया सेंगकांगला राहते, हे खरे. शुभदा गेली नव्हती, हेही खरे.

त्या काउंटीच्या कोर्टात मला बाहेर काढले तेव्हा कारकून बाई हसल्या. "सिंगापूरचं तिकीट लावलंय हिने. आपल्या पोस्टात हे कसं चालेल?"

"परत पाठव. नवीन मागव," शेजारची म्हणाली.

"तोवर ही जगेल का? नाव बघ, दोनदा गिरवलंय."

ती घाईतली चूक होती. एरवी शुभदा अशी चुकत नाही. बाईंनी आपल्या पर्समधले तिकीट काढून फुलावर चिकटवले. मग तळघरातून वही आणली, बोट ओळीवरून खाली खाली नेले, थांबवले. एक कागद लिहिला आणि माझ्या पोटात घातला. डिंकाला पाणी लागले. मी पहिल्यांदा पाकीट झाले.

परतीचा प्रवास मी कसा केला ते विचारू नका. तो कागद मला माहीत होता आणि मला तोंड नव्हते. तिकडे पुंगोलला शुभदा रोज लिफ्टने खाली उतरून टपालाचा खण उघडत होती. निशिकांत विचारी, "कशाची वाट बघतेस?" आणि ती म्हणे, "कशाची नाही." शनिवारी अर्ज पाठवायचे ठरले. शुक्रवारपर्यंत मी पोचले नव्हते.

शनिवारी सकाळी तिघे पोहण्याच्या क्लासहून आले आणि टपालाच्या खणाची किल्ली श्रियाने घेतली. तिने मला काढले, नाव वाचले.

"राँग अ‍ॅड्रेस. प्रणिता कोण? इथे नो सच पर्सन."

शाळेच्या पेन्सिलीने तिने माझ्यावर इंग्रजीत लिहिले: इथे राहत नाही. मग चुकीच्या पत्त्याची पत्रे टाकायच्या खोक्याकडे निघाली. गुणी मुलगी, शाळेत हेच शिकवतात. मी त्या फटीत अर्धे गेलेही होते.

"थांब. ते माझं आहे."

"पण मम्मा, युअर नेम इज शुभदा, व्हॉट."

"आधी नव्हतं. आधी मी प्रणिता होते."

श्रियाने आईकडे असे पाहिले, जणू लिफ्टमध्ये कुणी अनोळखी बाई शिरली आहे. निशिकांतने मात्र माझ्यावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता पाहिला. काउंटीचा. लिफ्ट आली आणि रिकामीच वर गेली.

घरी श्रिया आंघोळीला गेली. शुभदाने मला टेबलावर ठेवले, उघडले नाही. उभ्या उभ्या सगळे सांगितले.

"सोळा वर्षं," निशिकांत म्हणाला. "एका टपालपेटीसाठी."

"पेटीसाठी नाही. पळाले त्यासाठी."

"आणि हे फ्रिजवरचं पत्र कुणाचं मग?"

"जी तिथे कधी गेलीच नाही तिचं."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"आधी सांगितलं असतं तर तुझ्या आईने तांदूळ दुसऱ्या कुणासाठी पसरले असते."

"आईने नसतं ऐकलं. तांदूळ निवडून झाले होते." तो हसला नाही, पण तिने हसावे म्हणून म्हणाला असावा. "पाकीट उघड. आत काय आहे त्यावरून ठरवू, काय लिहायचं ते."

"नाही. गुन्हा नोंदवला होता. आत काहीही असो."

"शुभदा, अर्ज तिघांचा आहे. नाकारला तर श्रियाचाही जाईल."

"माहीत आहे."

तिने लॅपटॉप ओढला. 'पूर्वीचे नाव' या रिकाम्या चौकोनात पहिल्यांदा काहीतरी भरले. मग खाली येऊन 'हो'वर टिचकी मारली. निशिकांत उठला, फ्रिजवरचे पत्र काढून त्याने खुर्चीच्या पाठीमागून तिच्यासमोर ठेवले. "हेही जोड. दोन्ही नावांचे कागद हवेत." आणि तिथेच उभा राहिला.

त्यानंतर तिने मला अंगठ्याने फोडले. कडा वेडीवाकडी फाटली, पण मला राग आला नाही.

मित्रांनो, आता मी त्यांच्या फाइलमध्ये आहे. माझी एकच विनंती आहे. बंद पाकीट मध्ये ठेवून त्याच्याभोवती जेवू नका. आम्ही कागदाचे आहोत, आम्हाला एवढे ओझे पेलत नाही. आणि आज घरी गेल्यावर आईला विचारा, तिला आधी काही दुसरे नाव होते का. असेल, तर ते नाव जपा. ते कुठल्या तरी वहीत अजून एकटेच उभे असेल.

प्रणिता खांबेटेवरचा खटला, ती पुण्यात उतरल्यानंतर एकोणीस दिवसांनी, शेतकऱ्याने तक्रार मागे घेतल्यामुळे काढून टाकण्यात आला होता.