बाजारानं ऐकलेलं अर्धं बोलणं

मी एक जुना काळा टेलिफोन आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझ्या तबकडीच्या भोकांत बोटं घालून ती उगाच गरागरा फिरवणारी मुलं मला मुळीच आवडत नाहीत. मोठी माणसं तर त्याहून आवडत नाहीत. का ते ऐका.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या कामगारांनी मला घासूनपुसून चकचकीत केलं. ऐंशी सालाच्या सुमारास मला सावर्ड्याच्या बाजारात युसुफचाचांच्या किराणा दुकानात आणून बसवलं. पहिले चार दिवस काय कौतुक! लोक मला हात लावून तो कपाळाला लावत. पुढे त्यांच्या ध्यानात आलं, की मुंबईला कुणी वारलं की ती खबर माझ्याच तोंडून येते. मग मी खणखणलो की बाजार गप्प होई आणि बायका तोंडाला पदर लावत. खबर देणारा भलताच, शिव्या मात्र मला. ‘मेल्याचा फोन’ हे नाव मला तेव्हाच पडलं.

अशा गावात रत्नागिरीचा रावजी एजंट विमा विकायला आला. हा विमा सोपा होता. डॉक्टरची तपासणी नको, कचेरीत खेपा नकोत. फोनवर चार प्रश्नांची खरी उत्तरं द्यायची. ठरलेल्या मुदतीत माणूस गेला तर घरच्यांना पैसे मिळणार, जगला तर काहीच परत नाही.

“म्हंजे जगलो तर बुडाले?” दुकानाच्या बाकावर बसलेला भागोजी ओरडला. “ह्यो इमा नाय रं, ही तर मराची पैज हाय! चल, नीघ हितनं!”

भागोजी लग्नं जुळवण्याचं काम करी आणि उरलेला दिवस त्या बाकावर काढी. त्याच्या मागोमाग सगळेच एजंटावर तुटून पडले. कुणी त्याला अवदसा म्हटलं, कुणी त्याची छत्री रस्त्यात भिरकावली. बिचारा यष्टीच्या थांब्याकडे पळाला.

तिथे त्याला काशीरामनं गाठलं. काशीराम चिऱ्याच्या खाणीत काम करी. त्याचा जोडीदार सखाराम आदल्या वर्षी दरड अंगावर येऊन जागीच गेला होता. सखारामची बायको कमळा आता पोरांना घरी कोंडून त्याच खाणीत चिरे वाहत होती. काशीराम ते रोज डोळ्यांनी पाही. आपल्या मागे बायको तुळसा आणि मुलगी राही यांच्यावर ती पाळी येऊ नये, एवढंच त्याला हवं होतं. राहीची तर देवरुखच्या आप्पांच्या मुलाशी नुकतीच सुपारी फुटली होती. रावजीनं त्याला मंगळवारी फोन करतो म्हणून सांगितलं. मरणाची भाषा घरात नको म्हणून काशीरामनं तुळसालाही काही सांगितलं नाही.

मंगळवारी मी खणखणलो. बाजार नेहमीसारखा चिडीचूप झाला. काशीरामनं मला कानाला लावलं. आमच्या तारा त्या काळी अशा, की पलीकडचं बोलणं फक्त फोन धरणाऱ्याच्या कानाला ऐकू येई आणि अलीकडच्याला बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे.

“तुम्हाला क्षय आहे का?” रावजीनं विचारलं.

“नाय! क्षय नाय मना!” काशीराम ओरडला.

“खोकल्यातून रक्त पडतं का?”

“रगात? नाय हो, रगात नाय पडत!”

“फिट वगैरे येते का?”

“नाय नाय, फीट पन नाय!”

“बरं, तुमच्या पश्चात पैसे कुणाला द्यायचे?”

“मी मेल्यावर? बायकोला द्या सगला!”

मित्रांनो, प्रश्न ऐकले ते मी आणि काशीरामनं. बाजारानं ऐकली ती नुसती उत्तरं. त्यातून खाणीतल्या धुळीनं त्याला दोनदा ठसका लागला! मग काय, झालंच. “रत्नागिरीच्या डाक्टरचा फोन व्हता,” भागोजी म्हणाला, “मरणाची येवस्था करतोय गडी.” आप्पांच्या कानावर ते घालायला दुपारच्या यष्टीनं तो देवरुखला गेलासुद्धा.

चहावाल्यानं काशीरामची कपबशी वेगळी ठेवली. तुळसाच्या शेजारणी पाण्यावर तिच्यापासून लांब उभ्या राहू लागल्या. काशीराम घसा फोडून सांगत होता, की तो विमा होता. “क्षय झालेला कंदी क्षय झाला म्हंतो काय?” असं त्याला तोंडावर ऐकवलं गेलं. खरं काय ते मला ठाऊक होतं. पण माझ्या तोंडून नेहमी दुसऱ्याचंच बोलणं बाहेर पडतं, माझं स्वतःचं एक अक्षर निघत नाही. त्या दिवसांत मला माझा जन्म नकोसा झाला होता.

आठवडी बाजाराच्या दिवशी आप्पा स्वतः आले. काशीरामच्या घराची पायरी ते चढले नाहीत. युसुफचाचांच्या बाकावर भागोजीशेजारी बसले आणि सुपारी मोडल्याचा निरोप त्यांनी तिथूनच धाडला. काशीराम धावत आला, मागे राही. त्यानं आप्पांना काही विचारण्याआधी मलाच उचललं आणि दाणकन जमिनीवर आपटलं. माझ्या कवचाला जी चीर गेली, ती आजही आहे.

राहीनं मला उचलून पदरानं पुसलं. मला तसं कुणी कधी पुसलं नव्हतं.

“युसुफचाचा, रत्नागिरीला इम्याच्या कचेरीत फोन लावा,” ती म्हणाली.

बऱ्याच वेळानं फोन लागला. “एजंटसायब, बाबांना इचारलेलं सगलं ह्या पावन्यांना इचारा,” असं ओरडून तिनं मला आप्पांच्या कानाला लावलं. “आप्पा, आता तुमच्या कानानं ऐका.”

आप्पांनी जन्मात फोन धरला नव्हता. त्यांना वाटलं, सरकारी चौकशी आहे. ते ताठ उभे राहिले.

“नाय सायब, मना क्षय नाय!” भर बाजारात आप्पा ओरडले. “नाय! रगात नाय पडत! फीट? देवाशप्पत नाय! मी मेल्यावर... मी मेल्यावर पोराला द्या!”

मासळीवाल्या हातातली मापं टाकून हसायला लागल्या. युसुफचाचांनी तोंडाला उपरणं लावलं. भागोजी बाकावरून हळूच उठला आणि गर्दीत दिसेनासा झाला.

“आप्पा,” राहीनं विचारलं, “आता तुमच्या घराबद्दल आमी काय समजायचा?”

आप्पांचा चेहरा काळवंडला. मग त्यांनी घसा साफ केला. “चूक झाली, पोरी. झाला-गेला इसरा. सुपारी कायम धरा.”

काशीरामचे डोळे भरून आले. त्यानं हातही जोडले. पण राहीनं ते हात धरून खाली केले.

“नको, आप्पा. बाबांना खोकला हाय ऐकून तुमी आमच्या दारात नाय आलात. उद्या तुमच्या घरात मी खोकले, तर मना कुटं ठेवाल?”

आप्पा देवरुखच्या यष्टीकडे एकटेच चालत गेले. तारेच्या पलीकडे रावजी अजून “हॅलो, हॅलो” करत होता. काशीरामनं मला कानाला लावलं आणि तेच चार प्रश्न पुन्हा विचारायला लावून आपला विमा पुरा केला. या वेळी प्रत्येक प्रश्न तो आधी बाजाराला मोठ्यानं ऐकवी आणि मगच उत्तर देई.

आता माझ्या जागी बटणांचा फोन आला आहे आणि मी साखरेच्या रिकाम्या पोत्यांमागे पडून असतो. मित्रांनो, मला पुसायला नाही आलात तरी चालेल. पण कुणाबद्दल अर्धं काही कानावर आलं, तर उरलेलं विचारायला त्याच्या दारापर्यंत चालत जा. त्यासाठी तार लागत नाही.