आत्याच्या हातावरचा घोडा

माझं तोंड फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. शाळेत पोरं मला मागून ‘मिरचीबाई’ म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. पण चौऱ्याऐंशी सालच्या जानेवारी-फेब्रुवारीत, गंगापूर रोडवरच्या त्या बंगल्यात, पाच आठवडे एक खरी गोष्ट सांगायला माझं तोंड काही उघडेना.

त्याचं असं झालं. परदेशातले काही कलाकार सहा आठवडे नाशकात येऊन राहणार होते. त्याला ते रेसिडेन्सी म्हणत; आमच्या स्टाफरूमने त्याचं सरळ ‘शिबिर’ करून टाकलं. प्रत्येकाने इथल्या लोकांची एखादी कला निवडायची, तिचा अभ्यास करायचा आणि शेवटी चार लोकांपुढे मांडायची. कलाकार सहा: चार परदेशी, दोन इथले. त्या दोघांत एक मी, सिंधू, ड्रॉइंगची बाई, वय चौतीस. माझं चित्र तोवर शाळेच्या भिंतीपलीकडे गेलं नव्हतं. निवडीचं पत्र आलं तेव्हा मी ते उभ्या उभ्या मोठ्याने वाचलं आणि मग खुर्चीत बसून ढसाढसा रडले.

निवड झाली ती एका गोंदणाच्या चित्रावर. ते गोंदण होतं माझ्या आत्याच्या डाव्या हातावरचं.

नवसाबाई आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. मला जन्म देऊन आई गेली, आणि मी सव्वा वर्षाची असताना वडीलही तापाने गेले. आत्याने मला सायखेड्याला नेलं. दुसऱ्यांच्या वांग्या-टोमॅटोंत खुरपणी करून तिने मला शिकवलं. माझा हा फटकळपणाही तिचाच. लहानपणापासून मी तिला मनगटापर्यंतच्या बाह्यांच्या पोलक्याशिवाय पाहिलं नव्हतं. वैशाखात घामाच्या धारा लागायच्या, पण बाही वर जायची नाही.

त्याचं कारण मला गल्लीतल्या बायांच्या बोलण्यातून कळलं. छप्पन साली आमच्या लोकांनी धम्मदीक्षा घेतली आणि घरातले देव गोदावरीत सोडले. आत्यानेही आपल्या हाताने सोडले. पण लहानपणी चंदनपुरीच्या जत्रेत हातावर गोंदलेला खंडोबाचा घोडा नदीत कसा सोडायचा? तो तिने बाहीखाली घातला. ती स्वतः याबद्दल कधी चकार शब्द बोलली नाही, आणि तिला विचारायची कुणाची छाती नव्हती.

आदल्या वर्षी ती नदीच्या पायऱ्यांवर घसरली आणि तिचा खांदा निखळला. दवाखान्यात नर्सने बाही कापली. इंजेक्शनने आत्या गाढ झोपली होती, हात चादरीवर उघडा पडला होता, आणि माझ्या पिशवीत वही होती. अगं बाई, काय घोडा होता तो! जेमतेम चार बोटांचा, ठिपक्याठिपक्यांनी काढलेला, पण धावत होता. मी तो भराभरा उतरवून घेतला आणि ती जागी व्हायच्या आत चादर नीट केली. चोरीच ती, दुसरं काय?

रेसिडेन्सीच्या अर्जात तीन प्रश्न होते. हे कुणाचं आहे? त्यांना विचारलंत का? ते काय म्हणाले? दुसऱ्यापुढे मी ‘हो’ लिहिलं आणि तिसऱ्यापुढे ‘आनंदाने होकार दिला’. कॉपी करणाऱ्या पोराला वर्गाबाहेर काढणारी मी, आणि धडधडीत खोटं लिहून मोकळी झाले.

बंगल्यात मला स्वतःची खोली मिळाली. दार उघडलं आणि समोर हे एवढं टेबल, खिडकीतून दिवसभर सारखा उजेड. तासाची घंटा नाही, वह्या तपासणं नाही, चहा हातात येतोय. माझ्या रेघेपुढे माणसं अर्धा-अर्धा तास उभी राहत आणि ही अशी का वळवली म्हणून विचारत. अहो, घरी भाजी कुठली करू एवढंसुद्धा मला कुणी विचारलं नव्हतं! रोज सकाळी उठून मी त्या टेबलावरून हात फिरवायची आणि मनात म्हणायची, सिंधू, तुझं नशीब थोर.

आणि लगेच अर्जातला तो खोटा होकार आठवायचा. कारण हे सगळं चालवणाऱ्या हेल्गाबाईंनी पहिल्याच दिवशी नियम सांगितला होता. ज्याचं आहे त्याला चित्र आधी दाखवायचं. तो नको म्हणाला तर लावायचं नाही. तिथे भिंत कोरी ठेवायची आणि ती का कोरी आहे ते चिठ्ठीवर लिहायचं.

मला वाटलं, म्हणायला म्हणतात सगळे. पण मिचिको नावाची जपानची मुलगी गोटीराम कुंभाराच्या चाकावर महिनाभर राबली, त्याच्या हातांची तीस चित्रं तिने काढली, आणि गोटीराम म्हणाला, “माझे हात मला घरी लागतात. तिकडं टांगू नका.” झालं! तिने चित्रं गुंडाळून त्यालाच देऊन टाकली आणि हसत कोऱ्या भिंतीवर चिठ्ठी लावली. ते पाहून माझ्या तोंडचं पाणी पळालं. माझा घोडा तोवर दाराएवढा झाला होता, कोळशाने काढलेला.

शेवटच्या आठवड्यात हेल्गाबाई माझ्या खोलीत आल्या. “आत्या कधी येणार?” त्यांनी विचारलं. माझं इंग्रजी शाळेपुरतं. तरी त्या दिवशी सगळं बाहेर पडलं. दवाखाना, वही, खोटा होकार. मला वाटलं, आता सामान भरा म्हणतील. त्या खुर्ची ओढून बसल्या. मग म्हणाल्या, “चूक मोठी आहे. पण अजून चार दिवस आहेत. जाऊन विचारा.”

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने मी सायखेड्याला गेले. आत्या ओट्यावर लसूण सोलत होती. मी चपलाही काढल्या नाहीत, उभी राहूनच सांगून टाकलं. आत्या, तू झोपेत असताना मी तुझ्या हातावरचा घोडा वहीत काढला. तो परदेशी बायांनी पाहिलाय. आता लोकांसमोर लावायचा म्हणतात. तू नको म्हणालीस तर लावणार नाही.

मी शिव्यांची वाट पाहिली. त्या आल्या असत्या तर जीव भांड्यात पडला असता. पण आत्याने सोललेला लसूण डब्यात भरला, हात धुतले आणि डाव्या बाहीचं बटण नीट लागलंय ना ते पाहिलं.

“चल,” ती म्हणाली. “बघू दे काय चोरलंस ते.”

नाशकापर्यंत ती पिशवी मांडीवर घट्ट धरून होती. मी खिडकीतून बाहेर बघत बसले. जिने मला वाढवलं ती यापुढे माझ्या हातचं पाणी तरी पिईल का, एवढाच विचार डोक्यात होता. चित्र गेलं चुलीत.

खोलीत ती त्या दाराएवढ्या घोड्यासमोर उभी राहिली. हेल्गाबाई बाहेरच थांबल्या. आत्याने पदर तोंडावर धरला आणि खूप वेळ पाहिलं. मग पुढे होऊन बोट लावलं.

“ह्यो पाय कुठून आणला?”

“तो पुसट झाला होता आत्या. तीनच दिसत होते. मी पुरा केला.”

“पुसट नाय झाला. नव्हताच.” ती वळली आणि माझ्यासमोर उभी राहून बाहीचं बटण काढायला लागली. “तवा चोरून बघितलंस. आता बघ. जागेपणी दाखवते.”

तिने बाही कोपरापर्यंत सारली. घोड्याला तीनच पाय होते. चौथ्याच्या जागी नुसती कातडी होती.

“मी नऊ वर्षांची आसंन. गोंदणारीण सुया टोचत होती आन् मी लय रडत होते. चार जणींनी धरलेली मला. तुझा बाप, केरू, पाच वर्षांचा. त्याला वाटलं, माझ्या अक्काला मारत्यात. पळत आला आन् त्या बाईच्या हाताला असा कचकन चावला, का सुया फेकून वरडत सुटली! घोड्याचा पाय राह्यला तो राह्यला. मला पोरी लंगड्या घोड्याची म्हणायच्या. मी म्हणायची, म्हणा, माझ्या भावानं वाचवलं मला.”

वडिलांचा एक फोटोसुद्धा आमच्याकडे नाही. ते कसे होते असं विचारलं की आत्या कायम ‘चांगला होता’ एवढंच म्हणायची आणि कामाला लागायची.

“दीक्षेच्या दुसऱ्या साली कुणी बोललं, अंगावर देव ठेवून फिरती म्हणून. मला लागलं. घरी आले आन् बिब्बा लावून जाळायला बसले.” तिने घोड्याच्या तोंडावरचा सुरकुतलेला डाग दाखवला. मी तो चित्रात सावली म्हणून काढला होता. “तोंड जाळलं, मान जाळली. ह्या मोकळ्या जागेपाशी आले आन् हात वळंना. केरू जाऊन तवा पाच-सहा वर्षं झालेली. म्हणलं, देव गेला तर जाऊ दे, ह्याला कसा जाळू? मग झाकला.”

“आत्या, मी फाडते ते चित्र,” मी म्हणाले. मला धड दिसत नव्हतं.

“फाड म्हणले का मी? आधी त्यो पाय पूस.”

मी फडक्याने पाय पुसला. ती शेजारी उभी राहून पोरीचा अभ्यास घ्यावा तसं बघत होती. “आजून. खूर राह्यलाय बघ. हां.” पाच आठवडे त्या पायाच्या वळणावर मी जीव टाकला होता, सगळ्यांनी वाखाणला होता तोच. तो गेला आणि घोडा खरा झाला. हेल्गाबाईंचा तो नियम मला अडसर वाटत होता. त्यांनी विचारायला धाडलं नसतं, तर मी माझ्याच हाताने माझ्या बापाला बुजवून भिंतीवर टांगलं असतं. त्या बाईचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

“लावू का मग?” मी विचारलं. “आपल्या वस्तीतलेही येतील आत्या. विहारातलेही. सगळे बघतील.”

आत्याने बाही खाली घेतली नाही.

“बघू दे की. इचारलं तर सांगीन, देव नाय त्यो, माझा भाऊ हाय.”

मी तिच्या त्या हातावर कपाळ टेकवलं. आत्या म्हणाली, “पुरं आता, त्या बाईला आत बोलाव.”