डावखुरी ग्रिप

रॅकेट पुन्हा स्वप्नाच्या मुठीत फिरली आणि शटल नेटमध्ये गेलं.

"अगं, अख्ख्या नौपाड्याचे ब्लाउज तू मापात बसवतेस," तिची जोडीदारीण विनिता करवादली, "आणि स्वतः नवऱ्याच्या मापाची रॅकेट घेऊन खेळतेस! संध्याकाळी फायनल आहे. ग्रिप बदल, नाहीतर मी सोनलला घेते."

खरंच होतं ते. दौलतचा पंजा म्हणजे फावडं, म्हणून मुठीवर दोन-दोन ग्रिपा. त्यात तो डावखुरा, म्हणून गुंडाळलेल्या उलट्या. स्वप्नाच्या उजव्या अंगठ्याखाली कड सारखी उचलायची. पण त्या सोडवायच्या म्हणजे दौलत आता खेळणार नाही, हे घरात मोठ्याने बोलण्यासारखं होतं. लकव्याच्या झटक्यात डावी बाजू गेल्यापासून तो रबरी चेंडू दाबत बसायचा, रोज, कुरकुरत.

घरी आली, तर दौलत कात्री घेऊन तयार. विनिताचा फोन आधीच पोचलेला.

"आण इकडे."

"अहो, राहू द्या. जमवते मी तशीच."

"जमवतेस कसली? हरशील. माझ्या रॅकेटने हरायचं नाही हां, सांगून ठेवतो."

उजव्या हाताने त्याने टोक उचकटलं आणि सरसर ओढलं. दोन्ही थर सुटले. वरच्या थरावर त्याच्या बोटांचे काळपट खळगे होते. ते वेटोळं त्याने जरा पाहिलं आणि खिशात कोंबलं.

"वास मारतोय," म्हणाला.

पुढे स्वप्नाचं राज्य. नवी पट्टी तिने बुडापासून धरली आणि तिरकी ताणत, कडेवर कड जेमतेम चढवत नेली, गळ्याला पायपिंग लावतात तशी. करंगळीपाशी एक वेढा जास्त, अंगठ्याजवळ पातळ. मूठ वळून पाहिली. रॅकेट जागची हलेना. संध्याकाळी सोनलने फक्त टाळ्या वाजवायला यावं!

"टोकावर अंगठा ठेवा," ती म्हणाली. "तो नाही. डावा."

दौलतने तिच्याकडे पाहिलं. मग उजव्या हाताने डावा उचलून आणला आणि अंगठा पट्टीच्या टोकावर टेकवला. तिने अंगठ्याला लगटून चिकटपट्टी फिरवली.

खालून विनिताची हाक आली.

"झालं. सोडा आता."

"सोडतोय. थांब जरा, त्याला कळायला वेळ लागतो."

विनिताने पुन्हा हाक मारली. स्वप्नाने रॅकेट ओढली नाही. दुसरं टोक धरून ती तशीच उभी राहिली.