बोटीचं नाव चिमणी

मी व्हिडिओ गेमची एक जुनी कॅसेट आहे. करड्या रंगाची, तळहातावर मावणारी. पण मित्रांनो, माझ्या आकारावर जाऊ नका. माझ्या पोटात अख्खा समुद्र आहे आणि त्यात बारा बेटं आहेत.

मी ज्या घरात आले, तिथले बाबा शिंपी होते. दिवसभर मशीन चालवून झालं की ते जमिनीवर बसकण मारून माझी बोट हाकायचे. बोटीला त्यांनी लेकीचं लाडाचं नाव दिलं, चिमणी. टीव्हीला जोडलेल्या खेळाच्या यंत्रात मला लावण्याआधी घरातला प्रत्येकजण माझ्यात जोरात फुंकर मारायचा. त्यानेच मी चालते, अशी सगळ्यांची पक्की समजूत! त्या ओलसर फुंकरीने माझ्या पितळी पट्ट्या काळ्या पडत होत्या, पण मी कधी कुरकुर केली नाही. बाबांचा खेळ जिथल्या तिथे जपायचा, हे माझं काम. ते मी चोख केलं.

बोट शेवटच्या बेटाच्या अलीकडे असतानाच बाबा आजारी पडले आणि त्यातच गेले. मग मी आणि ते यंत्र खोक्यात आणि खोकं माळ्यावर.

यंदा घर रंगवायला काढलं, तेव्हा मी खाली आले. चिमणी आता मोठी झाली आहे. मला हातात घेताच तिचे डोळे भरून आले.

"दादा, बाबांची बोट असेल का रे अजून?"

दादाने सवयीने फुंकर मारून मला लावलं. पडदा काळाच राहिला. "गेली ही कामातून," असं म्हणून त्याने तोच खेळ कॉम्प्युटरवर डाउनलोड केला. मला फार लागलं ते.

वहिनी पुस्तकांच्या प्रकाशनात काम करतात. त्यांनी विचारलं, "हे कुणाला विचारून घेतलंत?"

"इतका जुना खेळ, आता कोण विचारतंय? आणि कॅसेट आपलीच आहे की."

"जुना झाला म्हणून बेवारस होत नाही. बाबांनी कॅसेट घेतली होती, खेळाचे हक्क नाही. ही प्रत कुणीतरी परस्पर इंटरनेटवर चढवलेली आहे."

"अगं, दुकानात मिळत असता तर विकत घेतला असता."

"ते खरं आहे. असे खेळ जपायला कायद्याने सरळ वाट द्यायला हवी. पण तोवर हे आपलं म्हणता येत नाही."

तेवढ्यात पडद्यावर समुद्र उघडला. तीच बेटं, तेच संगीत. बोटीच्या नावाची जागा मात्र कोरी होती.

"ही बाबांची नाही," चिमणी म्हणाली.

तिने कापसाला स्पिरिट लावून माझ्या पट्ट्या हलक्या हाताने पुसल्या. कापूस काळाकुट्ट झाला. मला पुन्हा लावलं, या वेळी फुंकर न मारता. मित्रांनो, मी सगळं बळ एकवटलं. पडदा उजळला. शेवटच्या बेटाच्या अलीकडे, बाबांनी सोडली होती तिथेच बोट उभी होती. तिच्यावर नाव होतं, चिमणी.

दादाने कॉम्प्युटरवरची प्रत पुसून टाकली आणि खेळाचा रिमोट बहिणीच्या हातात दिला.

मित्रांनो, तुमच्या माळ्यावर माझी भावंडं असतील. त्यांना कोरड्या कापडात ठेवा, फुंकर मारू नका आणि मेली म्हणून टाकूनही देऊ नका. आमच्यात कुणाचं तरी काहीतरी अजून चालू असतं.

"चल, तूच ने," दादा म्हणाला. "बोट तुझ्या नावाची आहे."