मंत्र्याच्या बहिणीची तिसरी कादंबरी

मित्रांनो, मी एका जुन्या कादंबरीची उरलेली प्रत आहे. ‘उरलेली’ म्हणते, कारण मला उरू द्यायचे नाही असे ठरले होते. माझी शिवण सैल झाली आहे आणि कोपरे झिजले आहेत. पण शब्द सगळे शाबूत आहेत. कोणाला ते खटकत असतील, तर खुशाल खटकू देत!

माझ्या लेखिकेची आई कपडे धुण्याचे आणि इस्त्रीचे काम करायची. त्या शहरात टेकडीवर गोरे राहायचे आणि खालच्या वस्तीत काळे. राज्य गोऱ्यांचे होते. काळ्या माणसाने टेकडीवरच्या घरात मागच्या दारानेच जायचे, असा कायदाच होता. लेखिका लहानपणी आईबरोबर जाई आणि गाठोड्याआडून सगळे टिपून घेई.

माझी थोरली बहीण, म्हणजे तिची पहिली कादंबरी, त्या मागच्या दारांची. ती वाचून टेकडीवरच्या बायकांनीही डोळे पुसले. मधली बहीण निवडणुकीची. तिच्यात मतपेट्या काळ्यांच्या वस्तीपर्यंत पोहोचतच नाहीत. ती बाहेर आली आणि सरकारने लेखिकेला घरातच कोंडले. वस्तीत मात्र कादंबरी हातोहात फिरली. लेखिकेचा धाकटा भाऊ सभांमधून तिच्यातले उतारे घडाघडा म्हणायचा. म्हणता म्हणता तो पुढारी झाला.

शेवटी राज्य पालटले. भाऊ मंत्री झाला. माझ्या बहिणी शाळेच्या अभ्यासक्रमात गेल्या. लेखिकेच्या गळ्यात इतके हार पडले, की आई म्हणाली, “मान तेवढी सांभाळ.”

एक दिवस लेखिका भावाला भेटायला त्याच्या कचेरीत गेली. पुढच्या दाराशी रखवालदाराने एका झाडूवालीला अडवले होते. ती नदीपलीकडून पोटासाठी आलेली, वेगळ्या चेहऱ्याची, वेगळ्या बोलीची. “तुम्ही लोकांनी मागून यायचं. मंत्रीसाहेबांचा हुकूम आहे,” तो म्हणाला. तो स्वतः खालच्या वस्तीतला, काळा. लेखिका भावाला न भेटताच माघारी फिरली. घरी आली आणि तिने लिहायला घेतले. तिथून माझा जन्म झाला.

मी छापून झाले, तसा भाऊ स्वयंपाकघरात येऊन बसला. माझ्यासारखीच एक प्रत त्याच्या हातात होती.

“ताई, हे माझ्या कचेरीच्या दाराचं नववं प्रकरण काढून टाक.”

“का? खोटं आहे?”

“खोटं कोण म्हणतंय? पण आता राज्य आपलं आहे. आपल्याच माणसांची अब्रू चव्हाट्यावर कशाला?”

“गोऱ्यांवर लिहिलं तेव्हा तोंडपाठ केलंस. तुझ्यावर आलं तर कात्री घेऊन आलास?”

“लोक काय म्हणतील, याचा तरी विचार कर.”

“तोच करतेय. नदीपलीकडची माणसं लोक नाहीत का?”

भाऊ चहा तसाच ठेवून उठला. पुढच्या काही दिवसांत माझ्यावर बंदी आली, माझ्या जुळ्या बहिणी, म्हणजे बाकीच्या प्रती, दुकानांतून उचलल्या गेल्या आणि कागदगिरणीत त्यांचा लगदा झाला. मी वाचले ती आईमुळे. तिला वाचता येत नव्हते. ती इस्त्री करताना लेखिका तिला मला वाचून दाखवायची. झडती घ्यायला सरकारची माणसे आली, तेव्हा मी घड्या केलेल्या चादरींच्या ढिगात होते. आई गरम इस्त्री हातात धरून म्हणाली, “शोधा की. पण घडी मोडली तर इस्त्री तुम्हीच करायची.” माणसे एकमेकांकडे बघत निघून गेली.

पुढे सरकारने लेखिकेच्या सत्काराचा मोठा समारंभ ठरवला, पण फक्त पहिल्या दोन कादंबऱ्यांसाठी. “तिसरीचं नाव तेवढं घेऊ नकोस,” असे भावाने बजावले. लेखिका समारंभाला आली ती मला पिशवीत घालून.

व्यासपीठावर तिने मला बाहेर काढले आणि नववे प्रकरण उघडले. चार वाक्ये झाली नाहीत तोच माइक बंद पडला. बंद केला गेला. मंत्री भाऊ बुटांकडे बघत बसला.

पहिल्या रांगेतून आई ओरडली, “थांबलीस का गं? घसा आहे ना तुला? वाच!”

लेखिकेने वाचले. उभ्या उभ्या, खड्या आवाजात, सगळे प्रकरण. कितीतरी माणसे पाय आपटत निघून गेली. सभागृह झाडणाऱ्या नदीपलीकडच्या बायका दाराशी जमल्या होत्या. त्यांतली एक सरळ आत आली आणि रिकाम्या खुर्चीत बसली. मग बाकीच्याही आल्या. भावाने शेवटी टाळी वाजवली नाही. पण तो उठूनही गेला नाही.

माझ्यावरची बंदी काही लगेच उठली नाही. लेखिकेने आणखी दोन कादंबऱ्या लिहिल्या, दोन्ही माझ्याहून तिखट. आता ती नाही. मी वाचनालयात काचेच्या कपाटात असते. ‘दुर्मीळ, हात लावू नये’ अशी चिठ्ठी लावून मला जपले जाते. मित्रांनो, लगद्यातून सुटले ते अशी गप्प बसायला नव्हे!

कपाट उघडायला लावा. पान सुटले तर चिकटवा, पण वाचा. मोठ्याने वाचा. आणि वाचता वाचता कधी आपल्याच माणसाचा चेहरा माझ्यात दिसला, तर मला मिटू नका.