तिरक्या हॉलच्या सोळा ओळी

थोरलीचे गुडघे गेले, हे घरात आणि कामावर सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. गुडघ्यांना कुणी विचारलं नव्हतं.

दोघी जावा एका कार्यालयात लादी पुसायच्या. इमारत दोन रस्त्यांच्या बेचक्यात उभी, त्यामुळे उजवीकडचा हॉल सरळ काटकोनी आणि डावीकडचा तिरका, एका बाजूला कलंडलेल्या खोक्यासारखा. दोन वर्षांपूर्वी नवा मुकादम आला आणि त्याने टेप घेऊन दोन्ही हॉल मोजले. समोरची भिंत तीस फूट, बाजूची वीस. तीस गुणिले वीस, सहाशे. दोन्हीकडे तेच. "सारखं काम, आता कुरकुर नको," म्हणत त्याने सरळ हॉल थोरलीला दिला, तिरका धाकटीला.

तेव्हापासून धाकटी रोज जवळजवळ अर्धा तास आधी बादली पालथी घालून मोकळी. मुकादम आधी घड्याळाकडे बघायचा, मग थोरलीकडे. शेवटी थोरली घरून पाव तास लवकर निघू लागली. सकाळचा चहा बुडाला, नवऱ्याशी दोन शब्द बोलणं बुडालं, तरी धाकटीच्या मागेच. "ताई, वय झालं आता, सावकाश कर," धाकटी म्हणायची. तेही मायेने म्हणायची, म्हणून जास्त झोंबायचं.

या आठवड्यात मुकादमाने सांगूनच टाकलं, "मावशी, शनिवारपर्यंत बघतो. नाही जमलं तर दुसरी बाई आणावी लागेल." नोकरी गेली तर या वयात दुसरी कोण देणार, हे त्यालाही ठाऊक होतं आणि तिलाही.

शुक्रवारी धाकटी तापाने फणफणली आणि दोन्ही हॉल थोरलीच्या गळ्यात पडले. तिने आधी तिरका घेतला. पुसता पुसता मान वर केली, तर संपलेला. तिला वाटलं, आपण एखादा कोपरा विसरलो. फिरून पाहिलं, सगळीकडे ओलं. हात तेच, गुडघे तेच, आणि अर्धा तास हातात शिल्लक.

मग ती लाद्या मोजायला लागली. फूटभराच्या चौकोनी लाद्या. ओळीच्या डाव्या टोकाला लादीचा जेवढा तुकडा तिरप्या भिंतीने खाल्लेला, तेवढाच उजव्या टोकाला जादा बसवलेला. दोन्ही जोडले की ओळीत तीस भरायच्या. पण ओळी मात्र सोळा. तिने पुन्हा मोजल्या, सोळाच. आपल्या हॉलमध्ये जाऊन मोजल्या, तर वीस. बोटांवर हिशेब करायला वेळ लागला, पण झाला. धाकटीच्या चारशे ऐंशी, हिच्या सहाशे. रोज एकशेवीस लाद्या जास्त.

"भिंत वीस फूटच आहे, मावशी. मी स्वतः मोजलीय," तिने बोलावून आणलेला मुकादम म्हणाला.

"भिंत कोण पुसतं? ती जाते तिरपी. तुम्ही टेप लाद्यांच्या सांध्यावरून सरळ धरा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत."

त्याने धरली. सोळा. माणूसच तो, त्याने दुसऱ्या जागी परत धरून पाहिली.

"उंची सरळ घ्यायची असते, शाळेत शिकवलं होतं खरं," तो पुटपुटला. "बरं, तुमच्या दोन ओळी तिला देऊ. दोघींना पाचशे चाळीस. तुम्ही राहा."

एवढं बोलून तो टेप गुंडाळत निघून गेला. दोन वर्षांबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. थोरलीला त्याच्यावर ओरडावंसं वाटलं, पण दुसरा हॉल अजून पुसायचा होता.

घरी आली तेव्हा धाकटी अंथरुणात उठून बसली होती. थोरलीने पाय सोडून तिथेच बसकण मारली आणि सगळं सांगितलं. रस्ताभर घोळवून ठेवलेला टोमणा मात्र तिने मारला नाही. धाकटीचा चेहराच उतरला होता.

"म्हणजे मी काही चपळ नव्हते," धाकटी म्हणाली.

"तशी आहेस. थोडी."

धाकटीने चादरीचं टोक पिळलं. "आणि ताई, दोन वर्षं मी तुला म्हातारी म्हणत होते, ते?"

थोरलीला आता फार थकवा आला होता. जिंकल्यासारखं काहीच वाटत नव्हतं.

"तू म्हणायचीस त्याचं काही नाही गं," ती म्हणाली. "मीच ते खरं मानलं."